पाइपर व्हायचंय? आधी कोणता ते ठरवा, मग चँटर हातात घ्या

बॅगपाइप शिकायचाय म्हणणाऱ्याला माझं पहिलं सांगणं एकच असतं : बॅगपाइप विकत घेऊ नका. निदान पहिले सहा महिने तरी नकोच. ऑनलाइन दुकानांत शिसमच्या लाकडाचे, टार्टनचं कापड चढवलेले, चकचकीत बॅगपाइप काही हजारांत मिळतात. त्यातले बरेचसे सियालकोटकडचे आणि भिंतीवर टांगायलाच बरे असतात. पिशवी हवा सोडते, रीड (आवाज काढणारी पाती) लागत नाही, स्वर जागेवर नसतात. नवशिक्याला मात्र वाटतं की आपल्याच फुप्फुसांत दम नाही. महिनाभरात वाद्य माळ्यावर जातं.

त्याआधी आणखी एक गोष्ट पक्की करायला हवी. पाइपर म्हणजे नेमका कोण व्हायचंय?

पायरी पहिली : कोणता पाइपर?

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. चुकीचा गुरू आणि चुकीचं वाद्य गळ्यात पडतं ते इथेच.

आपल्याकडे पाइपर म्हटलं की पलटणीचा पाइपर डोळ्यांपुढे येतो. भारतीय लष्करात ‘पाइप्स अँड ड्रम्स’ची परंपरा इंग्रजांच्या काळापासून चालत आली. गोरखा, गढवाल, कुमाऊँ, शीख आणि आपली मराठा लाइट इन्फन्ट्री, सगळ्यांनी ती टिकवली. २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’ला जे वाजतात ते हेच. वाद्य स्कॉटलंडचं, ग्रेट हायलंड बॅगपाइप : तोंडाने हवा भरायची, तीन ड्रोन (एकच सूर अखंड धरणाऱ्या नळ्या) डाव्या खांद्यावर, उभं राहून किंवा चालत वाजवायचं. गढवाल-कुमाऊँच्या लग्नांत ढोल-दमाऊबरोबर वाजणारी मशकबीन याच घराण्यातली. तिथल्या वादकाला कोणी पाइपर म्हणत नाही, आणि तो शिकतो ते वरातीत ऐकून-ऐकून.

आयर्लंडमध्ये एखाद्याने ‘मी पाइपर’ म्हटलं तर तो बहुधा इलियन पाइप्स वाजवणारा असतो. तो खुर्चीत बसतो, कोपराखालच्या भात्याने हवा भरतो आणि दोन सप्तकं वाजवतो. बोटं वेगळी, रीड वेगळं, सगळंच वेगळं. इंटरनेटवर ‘आयरिश पाइपर’कडे शिकवणी लावून हातात हायलंडचा चँटर (बोटांनी स्वर काढायची छिद्रांची नळी) घेऊन बसाल तर दोघांचीही पंचाईत होईल.

स्पेनच्या गॅलिसियात तो गाइतेइरो. त्याचं वाद्य गाइता, पिशवीचंच. पण अटलांटिक ओलांडला की गंमत होते. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा गाइतेरो लांब उभी बासरी वाजवतो. तिच्या टोकाला मेण आणि कोळशाची पूड मळून केलेलं डोकं असतं आणि फुंकायला बदकाच्या पिसाची नळी. व्हेनेझुएलात माराकाइबोकडचा गाइतेरो तर नाताळच्या दिवसांत गाइता नावाची गाणी गाणारा. दोघांकडेही पिशवी औषधाला सापडायची नाही. तेव्हा स्पॅनिश भाषेतल्या व्हिडिओंवरून शिकायचं असेल तर वादक कुठल्या देशाचा ते आधी बघा, नाहीतर आठवडाभर भलत्याच वाद्याचा अभ्यास व्हायचा.

इटलीत झाम्पोन्यारो. दक्षिणेकडचे हे मेंढपाळ वादक नाताळाआधी रोम-नेपल्सच्या रस्त्यांवर उतरायचे. बल्गेरियात गाइदार. रोडोपी डोंगरातली काबा गाइदा खर्जात बोलते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर वाल्या बाल्कान्स्काचं गाणं आहे, त्यामागे वाजतात त्या याच गाइदा. एकदा ऐका. आवाज आवडला तर तुमची वाट स्कॉटलंडची नाही, हे तिथेच कळेल.

भारतात राहून शिकणाऱ्याला मी हायलंड पाइपच सुचवेन. गुरू, रीड, दुरुस्ती आणि जुनं साहित्य याच वाद्यासाठी मिळण्याची शक्यता जास्त. पुढचं सगळं हेच धरून लिहिलंय.

पायरी दुसरी : प्रॅक्टिस चँटर

पाइपरचं खरं शिक्षण होतं ते हातभर लांबीच्या एका नळीवर. तिला पिशवी नसते आणि ड्रोनही नसतात. वरच्या टोपीत प्लास्टिकचं रीड असतं, ते ओठांना लागत नाही. आवाज बेताचा, खालच्या सप्तकातला, मधमाशी भुणभुणल्यासारखा. शेजारी झोपलेलं मूलही उठणार नाही.

घेताना मोठ्यांनी ‘लाँग’ आकाराचा घ्यावा, कारण त्याच्या छिद्रांमधलं अंतर खऱ्या पाइपच्या जवळचं असतं. चांगल्या प्लास्टिकचा घ्या. लाकडाचा अट्टहास नको. स्कॉटलंडच्या नावाजलेल्या कारागिरांचा प्लास्टिक चँटर आपल्याकडे येईपर्यंत काही हजारांना पडतो, पण तो जन्मभर पुरतो. सोबत दोन जादा रीड मागवून ठेवा.

हा टप्पा सहा महिन्यांपासून वर्षभराचा. घाईच्या माणसाला हे ऐकवत नाही, पण लष्करातले उस्तादही रंगरुटाला आधी चँटरवरच बसवतात.

पायरी तिसरी : बोटं

डावा हात वर, उजवा खाली. डावखुऱ्यांनीही असंच धरावं. पुढे सात छिद्रं, मागे एक. डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट, अनामिका पुढे आणि अंगठा मागच्या छिद्रावर. डाव्या करंगळीला काम नाही. उजव्या हाताची चारही बोटं पुढे, अंगठा नुसता टेकूला.

बासरी वाजवणाऱ्यांना इथे त्रास होतो. छिद्र बोटाच्या टोकाने दाबायचं नाही. बोटं सरळ, सपाट ठेवायची. उजव्या हाताची छिद्रं तर बोटाच्या मधल्या पेराने झाकली जातात. अर्धं छिद्र उघडणं, मींड घेणं हा प्रकार पारंपरिक वादनात नाही. बोट एक तर वर, नाहीतर खाली.

नऊ स्वर आहेत आणि मराठी माणसाला ते सरगमीत समजावले तर लगेच उमगतात. ड्रोनचा सूर सा धरा.

सगळी छिद्रं बंद : मंद्र कोमल नी. उजवी करंगळी उचलली की सा. करंगळी आणि अनामिका उचलली की रे. ग साठी करंगळी परत खाली, आणि उजवं मधलं बोट व अनामिका वर. म साठी त्यात तर्जनीही वर, करंगळी खालीच. प ला उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा बंद, करंगळी वर आणि डावी अनामिका वर. ध साठी डावं मधलं बोटही वर. कोमल नी साठी डावी तर्जनीही वर. तार सा ला डावी अनामिका खाली येते, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट उघडं राहतं.

म्हणजे हातात आला तो खमाज थाट, आणि शुद्ध नी गायब. देस किंवा खमाज वाजवायला गेलात की आरोहातच अडकाल. भूप, दुर्गा यांचे स्वर सगळे मिळतात, पण मंद्र ध मिळत नाही. भूपाचा जीव ज्या ‘सा ध़ सा’ मध्ये असतो तोच कापला जातो. आपली गाणी बसवताना सगळ्यात आधी हे तपासा : गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर कोणता? पल्ला मंद्र कोमल नी ते तार सा, बस्स.

एक युक्ती आहे. गाण्याचा सा चँटरच्या म वर धरायचा. मग ड्रोन पंचमाचा होतो आणि खाली तीन स्वर जास्त मिळतात. ‘अमेझिंग ग्रेस’ पाइपवर असंच वाजतं. ‘स्कॉटलंड द ब्रेव्ह’ मात्र ड्रोनचाच सा धरून. दोन्ही ऐकून बघा, रंगातला फरक कानाला सांगावा लागत नाही.

स्वर पाठ झाले की खरी परीक्षा म ते प. उजव्या हाताची तीन बोटं खाली पडली पाहिजेत आणि त्याच क्षणी उजवी करंगळी व डावी अनामिका उठली पाहिजे. उजवा हात डोळ्याची पापणी लवण्याइतका आधी पडला तरी मध्ये खालच्या नी किंवा सा चा एक ठिपका ऐकू येतो. वाजवणाऱ्याला तो बहुतेकदा जाणवत नाही, ऐकणाऱ्याला खटकतो. म्हणून फोनवर रेकॉर्ड करा आणि निम्म्या वेगाने ऐका. नुसतं म-प-म-प, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, रोज दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे. इथे आळस केला तर पुढे पाइपवर तोच ठिपका दहा घरांपर्यंत पोचतो.

पायरी चौथी : कण

बॅगपाइपचा आवाज एकदा सुरू झाला की थांबत नाही. जीभ मारून स्वर तोडता येत नाही, आवाज लहान-मोठा करता येत नाही. मग ‘सा सा सा’ असे तीन सा कसे वाजवणार? मध्ये दुसरा स्वर क्षणभर चाटून यायचं. हे कण म्हणजे पाइपरचं व्याकरण. ते नसतील तर सगळी धून चिखलासारखी एकमेकांत मिसळते.

सुरुवात एकेरी कणाने : डावी तर्जनी झटकन उचलून खाली. कोमल नी चा इतका बारीक कण यायला हवा की तो स्वर म्हणून ओळखू येऊ नये, नुसता टिचकीसारखा वाटावा. मग म आणि प चे कण. त्यानंतर जोड्या. रे ची ‘डबलिंग’ घ्या : वरच्या नी चा कण, रे, म चा कण, पुन्हा रे, सगळं एका झटक्यात. म वरचा ‘थ्रो’ : खालचा नी, म, ग चा कण, म. सा वरचा ‘बर्ल’ म्हणजे उजव्या करंगळीने दोनदा खालच्या नी ला शिवून येणं. तो बसायला सगळ्यात चिवट, कारण करंगळी हे आपलं सगळ्यात आळशी बोट. पुढे ग्रिप आणि तॉर्लुआ हे आणखी गुंतागुंतीचे कण.

शिकताना प्रत्येक कण आधी अगदी सुटा, सावकाश, मोठा वाजवा. वेग आपोआप येतो. वेगात शिकलेला कण मात्र सुटा कधीच होत नाही. बहुतेक नवशिके पहिल्या महिन्यात धुनेमागे लागतात आणि कण नंतर घालू म्हणतात. माझ्या मते हा सरळ तोटा आहे. धून आठ ओळींची असते, ती कधीही शिकता येईल.

स्कॉटलंडचे जुने पाइपर कागदावर लिहीत नसत. कॅनटरॅक्ट नावाची बोलांची पद्धत होती. स्वर आणि कण मिळून अक्षरं ठरलेली, गुरू गायचा, शिष्य गात-गात वाजवायचा. स्काय बेटावरच्या बोरेरेगचं मॅक्रिमन घराणं, मॅकलाउड सरदारांचे वंशपरंपरागत पाइपर, याच पद्धतीने शिकवत असे असं सांगतात. तबल्याचे बोल तोंडपाठ करून मग हात चालवणाऱ्या आपल्या लोकांना हे सहज जमेल. जी धून तोंडाने कणांसकट म्हणता येत नाही ती बोटांतून येणार नाही. स्टाफ नोटेशनही (पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकून ठेवा. पाइपचं नोटेशन सोपं असतं, नऊच स्वर, आणि बँडमध्ये त्याशिवाय चालत नाही.

पायरी पाचवी : पिशवी

सहा-सात धुना चँटरवर न अडखळता वाजू लागल्या की पाइपकडे वळा. नवा, चांगला बॅगपाइप लाखाच्या घरात सहज जातो. उत्तम वाद्यं आफ्रिकन ब्लॅकवुडची असतात. कोकण-मुंबईच्या हवेत पॉलिमरचे ड्रोन जास्त सुखाचे, हे माझं प्रामाणिक मत. पिशवी कातड्याची की सिंथेटिक? सिंथेटिक, झिपवाली. कातड्याच्या पिशवीला हवा सुटू नये म्हणून आतून सीझनिंग (एक चिकट मिश्रण) घालत बसावं लागतं, पहिल्या वाद्याबरोबर ती झंझट नको.

वाद्य आल्यावर लगेच वाजवू नका. सगळ्या स्टॉकना (पिशवीत बसवलेल्या, नळ्या खोचायच्या खोबण्यांना) बुचं लावा, पिशवी दगडासारखी टणक फुगवा आणि एक मिनिट थांबा. मऊ पडली तर गळती आहे : सांधा, झडप की शिवण, ते शोधा. सांध्यांवर मेण लावलेला धागा गुंडाळलेला असतो. सांधा हाताने फिरवता यावा, पण डुगडुगू नये.

मग क्रम असा. ड्रोनना बुचं लावून फक्त चँटर वाजवा, तोही हलक्या रीडवर. ते दोन-तीन आठवडे. मग दोन आखूड ड्रोनपैकी (टेनर) एक उघडा, मग दुसरा, शेवटी लांब ड्रोन, म्हणजे बेस. एकदम चारही रीड पेटवायला, म्हणजे वाजती करायला, गेलात तर भोवळ येईल. ज्यांना काचबिंदू, हर्निया किंवा रक्तदाब आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

फुंकणं आणि दाबणं यांची सांगड हा या वाद्याचा गाभा. फुंकताना हात ढिला. श्वास घेताना हाताने पिशवी दाबायची. दोन्हींतून पिशवीतला दाब सारखा राहायला हवा. दाब हलला की सूर हलतो. नवशिक्याचा पाइप लाटांवर हेलकावे खाल्ल्यासारखा वाजतो तो यामुळे.

दाब डोळ्यांनी बघायची सोय घरी करता येते. हार्डवेअरच्या दुकानातून आठ-नऊ फूट पारदर्शक नळी आणा, यू आकारात भिंतीवर लावा, अर्धी भरेल इतकं रंगीत पाणी घाला. एक टोक उघडं, दुसरं बुचातून एका बंद ड्रोनच्या स्टॉकला. वाजवायला लागलात की एका बाजूचं पाणी चढतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं. दोन्ही पातळ्यांतलं अंतर म्हणजे तुमचा दाब. बहुतेक पाइपर २५ ते ३५ इंचांच्या दरम्यान कुठेतरी वाजवतात. तुमचा आकडा किती याला महत्त्व नाही, श्वास घेताना पाणी किती घसरतं ते बघा. आधी नुसता प धरा, पाणी स्थिर ठेवा. मग धून.

पायरी सहावी : सूर लावणं

चँटरचा सा आजकाल ४८० हर्ट्झच्या आसपास असतो. हार्मोनियमच्या काळी पाचपेक्षा चढा. त्यामुळे पेटीबरोबर जुगलबंदीचा विचार सोडा. बॅगपाइपचे स्वर पेटीसारखे समान अंतरांचे नसतातच. ड्रोनशी जुळतील असे लावलेले असतात, तानपुऱ्यावर गळा लावतात तसे. वरचा कोमल नी पेटीपेक्षा उतरलेला वाटेल. तो तसाच बरा.

पंधरा मिनिटं वाजवून वाद्य गरम झाल्याशिवाय सुराला हात लावू नका. आधी चँटर. रीड आत सरकवलं की सूर चढतो, आणि वरच्या हाताचे स्वर जास्त चढतात. एखादाच स्वर चढा असेल तर त्या छिद्राच्या वरच्या काठावर इलेक्ट्रिकच्या टेपची पट्टी. मग एक टेनर उघडा ठेवून सा वाजवा. ड्रोन आणि सा जुळत नसतील तर आवाजात ‘वँव वँव’ असे ठोके ऐकू येतात. ड्रोनचा वरचा भाग ओढला की सूर उतरतो, दाबला की चढतो. ठोके मंद होत-होत थांबले की तो लागला. दुसरा टेनर त्याच्याशी, बेस शेवटी. फोनवरचं ट्यूनर ॲप मदतीला ठीक, पण ठोके ऐकायला शिका. मिरवणुकीच्या गोंगाटात किंवा परेड ग्राउंडवर ॲप उपयोगी पडत नाही.

पावसाळा आणि शेजारी

जून लागला की लाकूड फुगतं, धागा फुगतो, ड्रोनचा सरकता सांधा अडकतो. जोर लावू नका, धाग्याचे दोन-चार वेढे सोडा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलटं होतं, तेव्हा वेढे वाढवा. लाकडी वाद्य उन्हात उभ्या गाडीत ठेवणं म्हणजे तडा बोलावून घेणं.

वाजवून झालं की पिशवीची झिप उघडा, सगळे भाग वेगळे करा, नळ्या आतून पुसा, वाळू द्या. हा स्वच्छतेचा सोस नाही. २०१६ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या एका ६१ वर्षांच्या पाइपरची केस छापून आली होती. फुप्फुसांच्या विकाराने तो गेला, आणि त्याच्या वाद्याच्या आत अनेक प्रकारची बुरशी सापडली. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये बुरशीला निमंत्रण लागत नाही.

आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. कानात प्लग घालूनच वाजवा. २००० सालच्या ध्वनी नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर ४५. म्हणजे फ्लॅटमध्ये पाइप वाजवणं कायद्यातही बसत नाही आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या स्वभावातही. घरी चँटर, पाइप मैदानावर किंवा टेकडीवर. टेकडीवर फिरायला येणारी मंडळी पहिले दोन दिवस कौतुक करतात, तिसऱ्या दिवशी ‘रोज इथेच का?’ असं विचारतात. जागा बदलत राहा. अगदीच सोय नसेल तर स्कॉटिश स्मॉलपाइप्स बघा : भात्यावर चालतात, बोटं हायलंडचीच, आणि आवाज दिवाणखान्यात मावतो.

उस्ताद कुठे मिळेल

व्हिडिओ बघून बोटांची जागा कळते, कण कुठे सांडतोय ते कळत नाही. लष्करी संगीताचं शिक्षण मध्य प्रदेशात पचमढीला होतं. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, पुण्यात खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं. या गावांत, शिवाय पोलीस बँड असलेल्या शहरांत निवृत्त पाइपरची चौकशी करा. माजी सैनिकांच्या संघटनेत, शाळांच्या बँड शिक्षकांकडे विचारा. पहिल्या भेटीला बॅगपाइप नेऊ नका, चँटर न्या, आणि ‘धून शिकवा’ म्हणू नका, ‘माझे कण ऐका’ म्हणा. पलटणीत आयुष्य घालवलेला माणूस तेवढ्यावरून ओळखतो की समोरचा किती दिवस टिकणार आहे. आठवड्याला एक तास त्यांच्यासमोर, रोज अर्धा तास घरी. बँडमध्ये उभं राहायचं असेल तर त्यांच्याकडूनच ‘रोल’वर सुरुवात करायला शिका : ड्रमचा पहिला रोल झाला की पिशवीवर हात मारून ड्रोन पेटवायचे, दुसऱ्यावर प धरायचा, आणि धुनेचा पहिला स्वर सगळ्यांबरोबर.